शंभर दाणे, एक वही आणि पन्नाशीतली शाळा



मे संपत आला. वखराच्या पाळ्या झाल्या, धसकटं येचून झाली, सेलूच्या मोंढ्यात बियाण्याच्या दुकानापुढं गर्दी वाढायला लागली. आता सगळे आभाळाकडं बघत बसलेत. या दिवसात माणसाला जरा सवड असते. म्हणून आज पिकावर कमी आणि माणसावर जास्त लिहितो. माणूस म्हणजे मी स्वतःच.

मागच्या महिन्यात पुण्याच्या एका नातेवाईक पोरानं मला लागोपाठ पाच-सहा व्हिडिओ पाठवले. कोट घातलेला माणूस स्टेजवर फिरत फिरत सांगतो, स्वतःचा विकास करा, पहाटे पाचला उठा, रोज नवं काहीतरी शिका, आयुष्य बदलून जाईल. पोराचा हेतू चांगला होता. मी त्याला एवढंच लिहिलं, "बाळा, रात्रीची लाइट असली की आम्ही दोनलाच उठतो. तरी आयुष्य आहे तिथंच आहे."

हसण्यावारी नेलं खरं, पण रात्री डोक्यात तेच घोळत राहिलं. कारण दुसरी गोष्ट त्याची खरी होती. रोज नवं शिकायचं. मी दहावी पास झालो त्याला आता पस्तीस वर्षांच्या वर झाली. त्यानंतर मी काय शिकलो? खरं सांगायचं तर पन्नाशीपर्यंत काहीच नाही. बापानं जे केलं ते केलं, दुकानदारानं जे दिलं ते टाकलं, शेजाऱ्यानं जे फवारलं ते फवारलं. शिकणं म्हणजे शाळा, आणि शाळा तर कवाच सुटली, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

मला परत शाळेत घातलं ते एका न उगवलेल्या सोयाबीननं.

२०२० चा जून. लॉकडाऊन चालू होता. तीन एकर सोयाबीन पेरलं, पिशवीतलं बियाणं, पैसे रोख मोजून. पाऊस चांगला झाला होता, ओल चांगली होती. सहाव्या-सातव्या दिवशी रानात गेलो तर इथं एक, तिथं एक. दहाव्या दिवशी कळलं की गेलं सगळं. माझं एकट्याचं नाही, त्या वर्षी मराठवाड्यात गावोगाव हेच झालं. आदल्या वर्षीच्या, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या पावसानं काढणीचं सोयाबीन भिजलं होतं आणि त्यात पुढच्या वर्षाचं बियाणंही खराब झालं होतं. तक्रारी इतक्या झाल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. माझ्याही रानाचा पंचनामा झाला. तो कागद अजून पेटीत आहे.

ज्यानं खराब बियाणं विकलं त्याची चूक आहेच, ती मी माफ करत नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी आखाड्यावर बसलो असताना घरचीनं एक शब्द टाकला. म्हणाली, "अहो, पेरायच्या आधी चार दाणे वल्ल्या फडक्यात घालून बघितले असते तर? माझी माय जवारीचं बी असंच बघायची."

मला राग आला. दोन पिशव्यांचे पैसे मातीत गेलेले, दुबार पेरणीला हातउसने कुठनं आणायचे ही चिंता, आणि ही मला शिकवती. बोललो मी तिला. नको ते बोललो. रात्री झोप लागली नाही. कारण ती बरोबर होती हे मला बोलताना पण कळत होतं. कृषी सहायक साहेबांनी गावात येऊन हेच दोनदा सांगितलं होतं. मी मागं उभा राहून सुपारी कातरत होतो. मला वाटलं, पिशवीच्या बियाण्याची कशाला परीक्षा घ्यायची?

पुढच्या वर्षी मे महिन्यात मी पहिल्यांदा शंभर दाणे मोजले. पन्नास वर्षाचा माणूस ओसरीवर बसून दाणे मोजतोय म्हणून शेजारचे हसले. पद्धत सगळ्यांना माहीत असेल, तरी सांगतो, कारण हीच वेळ आहे.

बारदान्याचा एक तुकडा स्वच्छ धुऊन ओला करायचा. पोत्यातून वरनं, मधनं, खालनं असे मूठ मूठ दाणे घेऊन एकत्र करायचे. त्यातले शंभर दाणे न निवडता मोजायचे. चांगले चांगले वेचायचे नाहीत, नाहीतर आपणच आपल्याला फसवतो. दहा दहाच्या दहा ओळी लावायच्या, दाण्यादाण्यात बोटभर अंतर. वरनं ओला तुकडा झाकायचा, गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या-सातव्या दिवशी उघडायचं आणि ज्याला मूळ आणि कोंब दोन्ही नीट आहेत तेवढेच मोजायचे. सत्तर किंवा वर आले तर नेहमीसारखं एकरी तीस किलो. साठ आले तर पस्तीस किलो लागेल. त्याच्याही खाली गेलं तर ते बियाणं पेरायला नाही. एकदा करून भागत नाही, शंभर-शंभरच्या तीन गुंडाळ्या करा आणि सरासरी धरा. विकतचं असेल तर पिशवी खालच्या बाजूनं फोडा, टॅग, पिशवी, पावती आणि मूठभर बियाणं पीक घरात येईपर्यंत जपा.

माझ्या पहिल्या वर्षी घरच्या बियाण्याचे एकाहत्तर उगवले. मला दहावीच्या निकालाची आठवण झाली, कारण इतका आनंद त्यानंतर कशात झाला नव्हता. आणि त्या आनंदात मी घरचीला म्हटलं, "तुझं बरोबर होतं." तिनं काही उत्तर दिलं नाही. चहा मात्र न मागता आला.

तुम्ही म्हणाल, यात विकास कसला? शंभर दाणे मोजले, झालं. मला वाटतं विकास त्या दाण्यात नव्हताच. पन्नास वर्षं जे मला येत नव्हतं ते "मला येत नाही" असं म्हणायला मी त्या वर्षी शिकलो. बाकीचं सगळं त्याच्या मागनं आलं.

मागनं आली ती वही. पोराची जुनी शाळेची वही, अर्धी कोरी. दाण्याचा आकडा कुठंतरी लिहून ठेवावा म्हणून घेतली. मग पेरणीची तारीख लिहिली. मग पाऊस लिहायला लागलो. पाऊस मोजायला काही मोठं यंत्र लागत नाही. वरपासून खालपर्यंत सारख्या तोंडाचा सरळ डबा घ्या, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर ठेवा, सकाळी साडेआठला आत फूटपट्टी धरा. पाणी जितके मिलिमीटर, तितका पाऊस. निमुळती बाटली किंवा पोटाची बरणी चालत नाही, आकडा चुकतो.

एका हंगामातच कळलं की आमच्या शिवारातला पाऊस आणि महसूल मंडळातल्या यंत्रावरचा पाऊस कधीकधी दोन वेगळ्या गावचे असतात. तिकडं चोवीस तासात पासष्ट मिलिमीटर झाला की अतिवृष्टी, आणि माझ्या डब्यात वीस. किंवा याच्या उलट. आता माझ्या डब्याला सरकारी किंमत नाही, त्यावर नुकसानभरपाई मिळत नाही, हे मला माहीत आहे. पण पेरणी तर माझ्याच रानात करायची आहे ना? पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे आम्ही दरवर्षी ऐकतो आणि पहिल्या मोठ्या सरीला चाड्यावर मूठ धरतो. ज्या वर्षी मी डबा ठेवला त्या वर्षी सगळं गाव पेरतंय आणि माझी वही म्हणते, एक्केचाळीस झालाय. चार दिवस थांबायला जी छाती लागली ती मला त्या वहीनं दिली. एरवी मी गावामागं पळालो असतो.

आता एक गोष्ट सांगतो जी सांगायला मला अजूनही कमीपणा वाटतो.

आमच्याकडं खुरपायला येणाऱ्या एक मावशी आहेत. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. गुलाबी बोंडअळीनं २०१७ साली सगळ्या महाराष्ट्राची पऱ्हाटी खाल्ली, तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी पात्या-फुलं लागायच्या दिवसात मावशी मला म्हणाल्या, "बापू, ही फुलं उमलंनात बगा. गुलाबाच्या कळीगत मिटून बसल्यात. आत आळी हाय." मी म्हटलं, "मावशी, तुम्ही तुमचं खुरपं चालवा." बीटी आहे, अळी कशी येईल, असा माझा हिशोब. त्याच डोमकळ्या होत्या. साहेब लोक पुस्तकात ज्याला पहिलं लक्षण म्हणतात ते मावशीनं बिनपुस्तकाचं ओळखलं होतं, आणि मी ते खुरप्याखाली गाडलं. डिसेंबरात बोंडं फोडली तेव्हा कळलं. तोपर्यंत काही हातात नव्हतं.

आता मी दरवर्षी मावशीला आणि सगळ्या बायांना पहिल्या दिवशीच सांगतो, वेगळं काही दिसलं की हाक मारा. बाई दिवसभर वाकून, एकेका झाडाजवळून जाते. मी धुऱ्यावरनं बघतो. मग रानाची खबर कुणाला जास्त असणार? हाक आली की मी जातो आणि वहीत लिहितो. कामगंध सापळ्यात रोज किती पतंग आले तेही लिहितो. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असं सलग तीन दिवस झालं, किंवा वीस हिरवी बोंडं फोडून दोनात जिवंत अळी निघाली, की फवारणीची वेळ झाली. त्याच्या आधी फवारलं तर औषध वाया आणि मित्रकिडी मेल्या. हा आकडा काही मी शोधला नाही, शास्त्रज्ञांनीच सांगितलेला आहे. पण मोजल्याशिवाय आकड्याचा उपयोग काय?

हे मोजून ठरवायचं शिक्षण मला नीट मिळालं ते शेतीशाळेत. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्याला आपण पोकरा म्हणतो, आमच्या शेजारच्या गावात शेतीशाळा भरायची. मी नुसता बघायला म्हणून गेलो. तिथं भाषण नव्हतं. पाच-पाच जणांचे गट करून रानात सोडायचे, किडी किती, मित्रकिडी किती, झाडाची उंची किती, ते मोजायचं आणि मोठ्या कागदावर चित्र काढून सगळ्यांपुढं सांगायचं. काय करायचं ते शेवटी आपणच ठरवायचं. ही पद्धत निघाली इंडोनेशियात, १९८९ साली. तिथं भातावर तपकिरी तुडतुड्यांनी थैमान घातलं होतं आणि जितकं फवारावं तितके तुडतुडे वाढत होते, कारण त्यांना खाणारे कोळी-किडे औषधानं आधी मरत होते. सरकारनं १९८६ साली भातावरच्या सत्तावन्न औषधांवर बंदी घातली, आणि मग शेतकऱ्यांना बांधावर बसून किडी मोजायला शिकवलं. सात समुद्रापलीकडचा भातवाला आणि सेलूचा कापूसवाला, दोघांची चूक एकच. न बघता फवारायचं.

त्या शेतीशाळेत मला चित्र काढून सगळ्यांपुढं सांगायला उभं केलं. पाय लटलट कापत होते. दहावीत तोंडी परीक्षेला कापले होते तसेच. लेडीबर्ड किडा मी काढला तो कासवासारखा झाला, सगळे हसले, मीही हसलो. पण बोललो.

त्यामुळंच पुढं परभणीला बोलू शकलो. आपलं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला सुरू झालं, आणि त्या दिवशी दरवर्षी खरीप मेळावा भरतो. मी वीस वर्षं मेळाव्याला जातोय. काय करायचो? बियाण्याच्या रांगेत उभं राहायचो, पिशवी घ्यायचो, जेवायचो, परत. मंडपात प्रश्नोत्तरं चालू असायची तेव्हा मी झाडाखाली. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा मंडपात बसलो आणि हात वर केला. माझं सोयाबीन दरवर्षी जुलैत पिवळं पडायचं आणि मी दरवर्षी युरिया टाकायचो. ते मी विचारलं.

शास्त्रज्ञ मॅडमनी मलाच उलटा प्रश्न केला, "काका, आधी वरची कोवळी पानं पिवळी पडतात की खालची जुनी?"

आधीचा मी असतो तर म्हणालो असतो, सगळंच पिवळं पडतं मॅडम. पण माझ्याजवळ वही होती. काढून वाचून दाखवलं, "वरची पानं पिवळी, शिरा हिरव्या. आठ दिवस झड लागल्यावर. दुधनेच्या अंगाच्या चुनखडीच्या पट्ट्यात जास्त."

मॅडम म्हणाल्या, "मग नत्राची कमतरता नाही, लोहाची आहे. नत्र कमी पडलं तर खालची पानं आधी पिवळी पडतात. रानातलं पाणी काढून द्या, वापसा येऊ द्या, आणि सूक्ष्म अन्नद्रव्याची ग्रेड दोनची फवारणी घ्या, दहा लिटरला पन्नास मिली. युरियाचे पैसे वाचवा."

इतकी वर्षं मी रोगाला दुसरंच औषध देत होतो. किती पोती युरिया गेला त्याचा हिशोब आता नको. पण बघा, उत्तर परभणीत होतं, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, तेही फुकट. माझ्याजवळ प्रश्न नव्हता. प्रश्न तयार व्हायला वही लागली, आणि विचारायला कासवासारखा लेडीबर्ड लागला.

आता घरातली गोष्ट. माझा मुलगा चाकणला कंपनीत होता. लॉकडाऊनमधी घरी आला तो इथंच राहिला. दोन वर्षं माझ्या हाताखाली राबला आणि दोन वर्षं मी त्याला "तुला काय कळतं" म्हटलं. एक दिवस तो म्हणाला, "बाबा, मला एक एकर द्या. बीबीएफवर, रुंद वरंब्यावर पेरतो. बियाणं पण कमी लागतं. फसलं तर चाकणला परत जातो, परत तोंडातून शब्द काढत नाही."

हे ऐकून मला जे वाटलं ते खरं सांगतो. तो फसावा असं एक क्षण वाटलं. बापाला असं वाटू नये, पण वाटलं. कारण तो जिंकला तर माझी तीस वर्षं चुकली असं होईल की काय, अशी भीती. आपल्या गावात कितीतरी पोरं अशाच एका एकरासाठी बापाशी भांडून शहरात गेली असतील.

दिला एक एकर. त्या वर्षी पाऊस झोडपून झाला. माझ्या सपाट रानात पाणी साचलं, त्याच्या सरीतनं निघून गेलं. मळणीला त्याचा उतारा माझ्यापेक्षा एकरी दीड क्विंटल जास्त आला. एका वर्षावरनं काही ठरत नाही, कमी पावसाच्या वर्षी काय होतं तेही बघायचंय. पण त्यानं मळणीच्या दिवशी वजन करून माझ्याच वहीत लिहिलं, आणि मी त्याला म्हटलं, "पुढच्या साली दोन एकर घे." हे पीक माझ्या घरात उशिरा उगवलं.

इथपर्यंत वाचून काहीजण म्हणतील, लई गोड गोड झालं. मला पण तेच म्हणायचंय. आता कडू भाग.

शिकलं की सगळं ठीक होतं, हे खोटं आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. मोंढ्यात काय मिळाला ते तुम्हाला माहीत आहे, चार हजाराच्या आसपास. मी शंभर दाणे मोजले म्हणून आडत्यानं मला शंभर रुपये जास्त दिले नाहीत. शंभर वह्या भरल्या तरी वरनं पाऊस कोसळला की पीक जातंच. म्हणून ते स्टेजवरचे लोक जेव्हा म्हणतात की तुम्ही स्वतः बदला, परिस्थिती आपोआप बदलेल, तेव्हा मला त्यांचा राग येतो. शेतकरी अडचणीत आहे तो सकारात्मक विचार करत नाही म्हणून नाही. भाव नाही, पाण्याची खात्री नाही, आणि नुकसान झालं की कागद फिरत राहतो, म्हणून आहे. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण सगळ्यांना माहीत आहे. या बनण्यात नुसती आपली हिंमत नाही, धोरण पण आहे.

दादाजी खोब्रागडे यांचं उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव, आपल्या शेजारचं नांदेड नव्हे. शिक्षण तिसरीपर्यंत, रान दीड एकराच्या आसपास. १९८३ च्या सुमाराला धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. दुसरा कुणी असता तर सगळ्याबरोबर कापून टाकल्या असत्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, दरवर्षी थोडं थोडं पेरत, काट्याचं कुंपण करत, निवडत गेले. त्यातनं जो तांदूळ झाला त्याला व्यापाऱ्यानं त्या काळच्या नावाजलेल्या घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. आज कुठल्याही किराणा दुकानात जा, एचएमटी तांदूळ मिळतो. २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हातून त्यांचा सन्मान झाला. पण त्या तांदळावर लोक श्रीमंत झाले आणि दादाजींचं घर शेवटपर्यंत ओढगस्तीत राहिलं. २०१८ च्या जूनमधी ते गेले.

या गोष्टीतनं दोन्ही घ्यायचं, अर्धी घ्यायची नाही. तिसरी शिकलेला माणूस रोजच्या कामात डोळे उघडे ठेवून सगळ्या देशाच्या ताटात जाऊ शकतो, हे खरं. आणि त्याला त्याचा वाटा मिळाला नाही, हे पण तितकंच खरं.

मग शिकायचं कशाला? माझं उत्तर असं आहे. वही लिहायला लागल्यावर तिसऱ्या वर्षी मी कापसाचा खरा खर्च काढला. बियाणं, खत, औषध, वेचणी हे तर सगळेच धरतात. मी माझी रोजची मजुरी धरली, मुलाची धरली, आणि घरचीची धरली, जी आजपर्यंत मी कधीच धरली नव्हती. घरचीचे दिवस माझ्यापेक्षा जास्त निघाले. तो आकडा बघून मी गप्प बसलो. मुरमाड तुकड्यावरची माझी पऱ्हाटी दरवर्षी तोट्यात होती आणि मी तिला नगदी पीक म्हणत होतो, कारण घरच्यांची मजुरी मी फुकट धरत होतो. त्या तुकड्यावर आता तूर आहे.

आणि हाच हिशोब पुढं आपल्या हक्काला कामाला येतो. हमीभाव ठरवताना घरच्यांची मजुरी धरायची का, जमिनीचं भाडं, भांडवलाचं व्याज धरायचं का, यावर दिल्लीत वर्षानुवर्षं वाद चालतो. स्वामिनाथन आयोगाची खर्चाच्या दीडपट भावाची मागणी आपण सगळे सभेत करतो. पण "तुमचा एकरी खर्च किती?" असं समोरच्यानं विचारलं की आपल्यातले दहातले नऊ अंदाज सांगतात. मी पण सांगायचो. आता मी वही पुढं ठेवतो. साहेबाचा आवाज लगेच बदलतो असं नाही, पण माझा बदलतो. स्वतःला सुधारणं आणि हक्क मागणं या दोन वेगळ्या वाटा आहेत असं मला आधी वाटायचं. वहीनं दाखवलं की एकच वाट आहे. ज्याला आपला आकडा माहीत आहे त्याला कुणी सहज गप्प करू शकत नाही.

शिबिराला जायला, पुस्तकं आणायला, शहरात राहायला सगळ्यांना जमत नाही. पण रोज रान तर आहेच. पाऊस मोजता येतो, दाणे मोजता येतात, खुरपणाऱ्या बाईला विचारता येतं, पोराला एक एकर देता येतो, मेळाव्यात हात वर करता येतो. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत. लागतं ते एवढंच की चारचौघात, आणि त्याहून अवघड म्हणजे घरात, आपण चुकलो म्हणायचं. मला ते पन्नास वर्षं जमलं नाही. तुम्हाला लवकर जमो.

मिरगाला थोडेच दिवस राहिलेत. यंदाच्या माझ्या पहिल्या गुंडाळीत शंभरातले अठ्ठ्याहत्तर उगवलेत. दुसरी आणि तिसरी परवा उघडायची आहे. यंदा दाणे घरचीनं मोजले, आकडा तिनंच लिहिला. तिची लिहायची सवय सुटली होती, आठचा आकडा उलटा निघाला, मग पुसून परत काढला.

तुमचे किती उगवले ते सांगा. आणि अजून मोजले नसतील तर आज संध्याकाळी बारदाना भिजवा.

राम राम.